‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति’ आणि गृहिणीधर्म : एक परीक्षण

पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ इ. स. १८८९ च्या डिसेंबर महिन्यांत मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झाला. त्यानंतर शंभर वर्षें तो सामान्य वाचकांस जवळ जवळ अदृश्यच होता. १९९६ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें त्याचें पुनर्मुद्रण केलें. पुढें २००३ सालीं अमेरिकेंत त्याचीं दोन निरनिराळीं इंग्रजी भाषांतरें निघालीं. एक मीरा कोसंबी यांचें, दुसरें क्षितिजा गोम्स यांनीं केलेलें व फ्रायकेनबर्ग यांनीं संपादिलेलें. एका मराठी ग्रंथाचीं एकाच वर्षीं दोन भाषांतरें परदेशांत निघावीं हा योग विरळा. तथापि ग्रंथाचें जसें परीक्षण व्हावयास पाहिजे होतें तसें आमच्यामतें अद्याप झालेलें नाहीं.

याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १८९३ सालीं शारदासदनांतील मुलींच्या धर्मांतराविषयीं जो वाद पुण्यांत पेटला, त्याच्या धुरांतून रमाबाईंच्या सर्वच लेखनाकडे पाहण्याची संवय आपल्या लोकांस जडली. एका पक्षास हा ग्रंथ म्हणजे परक्यांच्या मिठाला जागून केलेली स्तुति वाटते. दुसऱ्या पक्षास तो स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा वाटतो. एका गोष्टीविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आहे, आणि तेथेंच दोघेही चुकतात असें आम्हांस वाटतें. चूल आणि मूल हा हिंदु स्त्रीचा आदर्श, आणि स्वातंत्र्य हा अमेरिकन स्त्रीचा आदर्श, अशी वांटणी दोघेही गृहीत धरून चालतात. ग्रंथांतील गृहस्थितीचें प्रकरण व स्त्रियांच्या स्थितीचें प्रकरण हीं दोन शेजारीं ठेवून, आणि त्या काळच्या अमेरिकेचा स्वतंत्र वृत्तांत हाताशीं घेऊन वाचलीं, तर ही वांटणी टिकत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या उत्तर भागांतील शहरांत पुरुषाचें काम घराबाहेर गेलें. शेत, माग आणि दुकान हीं पूर्वीं घराला लागूनच असत. आतां गिरणी, पेढी व कचेरी वेगळी झाली आणि घर हें केवळ विसाव्याचें स्थान उरलें. त्या रित्या झालेल्या घरासाठीं एक नवा धर्म तयार करण्यांत आला. स्त्री ही श्रद्धाळू, पवित्र, आज्ञाधारक आणि गृहकृत्यांत रमणारी असावी. बाहेरच्या बाजारी जगाचें पाप तिनें उंबऱ्याच्या आंत येऊं देऊं नये, असा हा धर्म. बार्बरा वेल्टर या इतिहासलेखिकेनें १९६६ सालीं त्या काळचीं मासिकें व उपदेशग्रंथ चाळून हे चार गुण वेगळे काढून दाखविले, तेव्हांपासून अमेरिकन इतिहासांत हा विषय रूढ झाला. आमच्यासारख्या स्मृतिग्रंथ वाचून म्हातारे झालेल्या माणसास या यादींत नवें असें कांहींच दिसत नाहीं. पतिव्रतेचीं लक्षणें सांगणाऱ्या पुराणिकास ती यादी हातीं दिली तर तो ती न अडखळतां वाचून दाखवील.

या धर्माचें मुख्य पीठ फिलाडेल्फिया शहर होतें हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. ‘गोडीज लेडीज बुक’ नांवाचें स्त्रियांचें मासिक तेथेंच १८३० सालीं निघालें, आणि १८३७ पासून १८७७ पर्यंत चाळीस वर्षें सारा जोसेफा हेल ही बाई त्याच्या संपादकवर्गांत होती. त्याच शहरांत १८५० सालीं स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें, आणि तेथेंच ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी यांस पदवी मिळाली. तो समारंभ पाहण्यासाठीं डीन रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. घरांत रहा असें सांगणारें मासिक आणि स्त्रियांस घराबाहेर काढणारें विद्यालय हीं एकाच गांवचीं. रमाबाईंनीं अमेरिकेच्या भूमीवर प्रथम पाऊल ठेवलें तें या दोहोंच्या मध्यें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गृहिणीधर्माचे ग्रंथ ज्यांनीं लिहिले, त्यांतील पुष्कळांस स्वतःचें घर चालविण्याचा योग फारसा आलाच नाहीं. हेलबाई पांच मुलांसह विधवा झालेली. पोट भरण्यासाठीं तिनें लेखणी हातीं धरली. गृहव्यवस्थेवर १८४१ सालीं प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारी कॅथरीन बीचर जन्मभर अविवाहित राहिली. आणि आमच्याकडे ‘स्त्रीधर्मनीति’ हा उपदेशग्रंथ १८८२ सालीं पुण्यांत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याच्या कर्त्या रमाबाई चोविसाव्या वर्षीं नुकत्याच विधवा झालेल्या व मांडीवर एक वर्षाची मुलगी असलेल्या होत्या. गृहकृत्यें, बालसंगोपन, विनय इत्यादि विषयांवर त्यांत जो उपदेश आहे, तो शास्त्र्याच्या मुलीस शोभेल असाच आहे; भाषा संस्कृतप्रचुर, आणि अडाणी बायकांविषयीं किंचित् चिडलेली. हा ग्रंथ आणि अमेरिकेवरील ग्रंथ यांमध्यें सात वर्षांचें अंतर आहे. पहिल्यांत स्त्रीनें काय करावें हें सांगितलें आहे. दुसऱ्यांत स्त्रिया काय करीत आहेत हें सांगितलें आहे. विधिलिंग सोडून वर्तमानकाळ धरला हा व्याकरणांतला फरक दिसावयास लहान, पण लेखिकेच्या बुद्धीचा सारा प्रवास त्यांत आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रमाबाई अमेरिकेंत १८८६ पासून १८८८ पर्यंत होत्या. त्या काळीं तेथें सर्वांत बलाढ्य स्त्रीसंस्था म्हणजे १८७४ सालीं स्थापन झालेली स्त्रियांची मद्यपाननिषेधक मंडळी, आणि तिची अध्यक्ष फ्रान्सेस विलर्ड. या मंडळीविषयीं रमाबाईंनीं मोठ्या आस्थेनें लिहिलें आहे. विलर्डबाईची घोषणा होती ती ‘गृहरक्षण’. दारूडा नवरा घर बुडवितो. घराचें रक्षण हें स्त्रीचें कर्तव्य. दारूचीं दुकानें बंद करण्यासाठीं कायदा पाहिजे. कायद्यासाठीं मत पाहिजे. म्हणून स्त्रीस मताधिकार द्या, अशी ती विचारसरणी. म्हणजे स्त्रीस घरांत कोंडण्यासाठीं जो आदर्श रचला गेला, त्याच आदर्शाची किल्ली करून स्त्रियांनीं दार उघडलें. आज कोणास ही युक्ति लबाडीची वाटेल, कोणास भित्री वाटेल. १८४८ सालीं सेनेका फॉल्स येथें ज्या शंभर जणांनीं स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यांची वाट निराळी होती. त्यांनीं हक्क हा हक्क म्हणूनच मागितला. पण गांवोगांवच्या सामान्य गृहिणी ज्या लाखांनीं बाहेर पडल्या त्या विलर्डबाईच्या मागें, घराचें नांव घेऊन.

रमाबाईंनीं हें पाहिलें आणि आपल्याशीं बांधून आणलें असें आमचें अनुमान आहे. ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या बरोबर तिसऱ्या वाढदिवशीं, त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं संस्था काढली. तिचें नांव विद्यालय ठेवलें नाहीं, आश्रम ठेवलें नाहीं, सदन ठेवलें. ज्या बालविधवेस सासरचें घर नाहीं आणि माहेरचें असून नसल्यासारखें, तिला प्रथम घर दिलें आणि घराच्या आडून विद्या दिली. त्याच सदनांतील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं पुनर्विवाह केला, आणि पुढें कर्व्यांच्या हातून १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम व १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. कर्व्यांच्या विद्यापीठास नमुना जपानांतील होता, अमेरिकेंतील नव्हे. तरी गृहिणी होण्यासाठींच शिक्षण ही जी भूमिका त्यांस लोकांपुढें मांडावी लागली, ती विलर्डबाईच्या युक्तीची सख्खी बहीण होय. कोणी कोणाचें अनुकरण केलें हा प्रश्न येथें गौण आहे. ज्या समाजांत उंबरा हीच स्त्रीची प्रतिष्ठा मानली जाते, तेथें उंबऱ्याच्या नांवानेंच बाहेर पडावें लागतें. मग तो समाज बोस्टनचा असो कीं पुण्याचा.

स्त्रीच्या धनाविषयींचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तेथें ग्रंथकर्तीशीं आमचा मतभेद आहे. इंग्रजी जुन्या कायद्याप्रमाणें विवाह होतांच स्त्रीचें स्वतंत्र अस्तित्व कायद्याच्या दृष्टीनें नवऱ्यांत विलीन होई. तिचें जंगम धन त्याचें; तिच्या जमिनीचें उत्पन्न त्याच्या हातीं; तिनें मजुरी केली तर वेतन त्याचें; त्याच्या संमतीवांचून तिला करार करतां येत नसे. ब्लॅकस्टोननें १७६५ च्या सुमारास हा सिद्धान्त ग्रंथित केला आणि अमेरिकन वसाहतींनीं तो उचलला. श्रीमंत बाप विश्वस्तांमार्फत मुलीचें धन वेगळें राखीत हें खरें. पण ती सोय सर्वांस नव्हती. मिसिसिपी संस्थानानें १८३९ सालीं विवाहित स्त्रीच्या मालमत्तेविषयीं पहिला मोठा कायदा केला. त्यांतील बहुतेक कलमें पत्नीच्या मालकीच्या गुलामांविषयीं होतीं, हें वाचून मनुष्याच्या न्यायबुद्धीविषयीं चमत्कारिक विचार मनांत येतात. न्यूयॉर्कचा कायदा १८४८ चा, आणि वेतन स्त्रीचें स्वतःचें हें तेथें १८६० सालीं ठरलें.

याच्या उलट, याज्ञवल्क्यानें आई, बाप, पति, भाऊ यांनीं दिलेलें, विवाहाग्नीपुढें मिळालेलें, नवऱ्यानें दुसरी बायको करतांना पहिलीस दिलेलें, इत्यादि धन स्त्रीचें म्हणून सांगितलें. आणि त्या श्लोकांतील ‘आद्य’ या पदावर विज्ञानेश्वरानें वारसा, खरेदी, वांटणी हेंही सर्व स्त्रीधनांत ओढलें. हा विज्ञानेश्वर चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. आमच्या लातूर जिल्ह्याच्या शिवेपासून तें गांव फार दूर नाहीं. म्हणजे बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या पत्नीस १८४० सालीं जो अधिकार कायद्यानें नव्हता, तो मिताक्षरेनें सात शतकें आधीं कागदावर तरी दिला होता.

‘कागदावर तरी’ हे शब्द आम्ही हेतुपुरस्सर घातले आहेत. दुष्काळ, आजार, धर्मकृत्य आणि कैद या प्रसंगीं नवऱ्यानें स्त्रीधन घेतलें तर परत देण्याचें बंधन नाहीं असें तोच याज्ञवल्क्य सांगतो. आणि दुष्काळ व आजार हे ज्या घरांत नाहींत असें घर आमच्या मुलखांत कोठें सांपडतें? विधवेचे दागिने दीर-भाच्यांनीं उतरवून घेतले तर ती मिताक्षरेची पोथी घेऊन कोणाकडे जाणार होती? तेव्हां शास्त्राच्या अभिमानानें फुगून जाण्याचें कारण नाहीं. तरीपण तुलना करावयाची तर ती दोन्ही बाजूंनीं सारखी झाली पाहिजे, आणि रमाबाईंच्या दोन ग्रंथांत ती तशी झालेली नाहीं. १८८७ सालीं अमेरिकन वाचकांसाठीं इंग्रजींत लिहिलेल्या ‘उच्चवर्णीय हिंदु स्त्री’ या ग्रंथांत हिंदु स्त्रीची स्थिति त्यांनीं प्राधान्येंकरून मनुस्मृतीवरून दाखविली. मराठी वाचकांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत अमेरिकन स्त्रीची स्थिति प्राधान्येंकरून तेथील संस्था, सभा आणि विद्यालयें यांवरून दाखविली. एका समाजास त्याच्या जुन्या ग्रंथांनीं मोजलें, दुसऱ्यास त्याच्या नव्या उद्योगांनीं. माप बदललें कीं वजन बदलणारच. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येस मिताक्षरा अपरिचित असेल हें संभवत नाहीं. आणि अनंतशास्त्र्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें हें हिंदु समाजांतीलच उदाहरण तिच्या स्वतःच्या घरचें होतें.

याचा अर्थ रमाबाई इंग्रजी कायद्याच्या भक्त होत्या असा मात्र कोणीं करूं नये. रखमाबाईंचा खटला वाचकांच्या स्मरणांत असेल. १८८५ सालीं न्या. पिन्हे यांनीं नवऱ्याचा दावा फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहींतर सहा महिने कैद, असा निकाल दिला. बायकोस कोर्टामार्फत नांदावयास आणण्याचा हा दावा मुळांत इंग्रजी धर्मकोर्टांतून आलेला. त्या खटल्यावरून रमाबाईंनीं इंग्रज सरकारास जे कडक बोल लावले आहेत, ते त्यांस परक्यांची भाट म्हणणाऱ्यांनीं अवश्य वाचावेत.

पाहुण्याच्या डोळ्यांस घराचा पुढचा सोपा दिसतो. रमाबाई ज्या घरांत उतरल्या तीं सुशिक्षित, सुस्थित, परोपकारी कुटुंबें होतीं. त्यांतीलच स्त्रीपुरुषांनीं डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षांच्या खर्चाचा भार उचलला. तेथील स्वयंपाकघरांत राबणारी आयरिश मोलकरीण, दक्षिणेंत कपडे धुणारी काळी स्त्री, लोवेलच्या गिरणींतील मुलगी यांचा गृहिणीधर्म कोणता, हें या ग्रंथांतून फारसें कळत नाहीं. पण हा दोष सांगतांना हेंही सांगितलें पाहिजे कीं काळ्या लोकांची गुलामगिरी व गोऱ्यांचा वर्णद्वेष, तसेंच मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय, यांविषयीं रमाबाईंनीं गुळमुळीत लिहिलेलें नाहीं. आणि टोपीवर मेलेले पक्षी खोंचणाऱ्या अमेरिकन बायकांच्या नटवेपणाचीही त्यांनीं गय केलेली नाहीं. यजमानाच्या घरीं बसून त्याच्या दागिन्यांत रक्त दिसलें तें सांगणारा पाहुणा भाट नसतो.

घराच्या आंतील साक्ष पाहिजे असेल तर ती आनंदीबाईंची. न्यूजर्सीतील रोझेल येथें कार्पेंटरबाईंच्या घरीं त्या मुलीसारख्या राहिल्या, त्यांस मावशी म्हणत, लुगडें व शाकाहार सांभाळीत. आणि २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या व्याख्यानांत हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन असें जें सांगितलें होतें तें त्यांनीं पाळलें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें, तोंच त्या वारल्या. त्यांचें इंग्रजी चरित्र कॅरोलिन डॉल यांनीं १८८८ सालीं व मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे एकाच वर्षीं मराठींत दोन स्त्रियांच्या लेखणींतून अमेरिकेचें घर आलें. कानिटकरबाईंनीं अमेरिका पाहिली नव्हती. त्यांनीं पत्रांवरून लिहिलें. रमाबाईंच्या ग्रंथांत सभा आहेत, आंकडे आहेत, कायदे आहेत; कानिटकरबाईंच्या ग्रंथांत थंडी आहे, आजार आहे, नवऱ्याचीं टोंचून लिहिलेलीं पत्रें आहेत. दोन्ही एकत्र वाचल्यावांचून एकाचाही पुरता अर्थ लागत नाहीं. आणि आमच्या माहितीप्रमाणें ते तसे एकत्र क्वचितच वाचले जातात.

आमच्या या भागाविषयीं दोन शब्द. ग्रंथ निघाला तेव्हां मुदखेडास आगगाडी नव्हती. गोदावरी खोऱ्याची ती लोहमार्गाची शाखा १९०० च्या सुमारास झाली. मुलूख निजामाचा, तो सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला. मुंबई-पुण्याच्या वादांचा आवाज येथवर येतां येतां विरून जाई. म्हणून येथील स्त्रियांस गृहधर्माविषयीं कांहीं म्हणावयाचें नव्हतें असें नव्हे. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई ही नामदेवाच्या घरची दासी. दळण, कांडण, सडा, शेणी हें तिचें जग, आणि तिचा देव तेथेंच येऊन राबतो. गृहिणीच्या बाजूनें नव्हे तर घरांत राबणारीच्या बाजूनें घराचें वर्णन करणारी अशी कवयित्री फिलाडेल्फियाच्या मासिकवालीस सांपडली नसती. जात्यावरच्या ओव्या तर ग्वी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनीं गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक जमविल्या.

आणि तरीही आमचे संग्राहक बंधु काय जमवितात? सनदा, महजर, वतनाचे तंटे, शिक्के. चोळीबांगडीच्या इनामाचा कागद हातीं आला तर त्यावरील तारीख व मोर्तब पाहून तो बासनांत बांधतात. कोणा स्त्रीस, कोणत्या नात्यानें, कशाच्या मोबदल्यांत तें इनाम मिळालें आणि तिच्या मागें कोणाकडे गेलें, हें कोणी टिपून ठेवीत नाहीं. वास्तविक तोच स्त्रीधनाचा जिवंत पुरावा. लग्नांतील देण्याघेण्याच्या याद्या, दागिन्यांच्या गहाणवटीच्या चिठ्या, बायकांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या या तर रद्दींतच जातात. मिताक्षरेचें ‘आद्य’ पद आमच्या मुलखांत खरोखर किती चाललें, हें ठरविण्यास ह्या चिठ्यांवांचून दुसरें साधन नाहीं, आणि रमाबाईंच्या तुलनेंतील उणीवही त्यांनींच भरून निघेल.

‘लोकस्थिती’ची नवी सटीप आवृत्ति मराठींत निघावी अशी आमची सूचना आहे. पुनर्मुद्रणानें ग्रंथ वाचावयास मिळाला, पण इंग्रजी भाषांतरांस ज्या प्रस्तावना व टीपा लाभल्या तशा मूळ मराठीस पाहिजेत. रमाबाईंनीं जे अमेरिकन ग्रंथ वापरले ते ताडून पहावेत, ‘स्त्रीधर्मनीतीं’तील गृहकृत्यांचें प्रकरण परिशिष्टांत जोडावें, १९७७ सालीं छापलेल्या त्यांच्या इंग्रजी पत्रसंग्रहांतील अमेरिकेच्या काळचीं पत्रें त्या त्या प्रकरणाच्या तळटीपेंत द्यावीत. १८८९ च्या मूळ प्रतीवरून पाठ ठरवावा लागेल. ज्यांच्या संग्रहीं ती प्रत असेल, विशेषतः जींवर मूळ मालकाच्या किंवा मालकिणीच्या हातचे समासांतील शेरे असतील, त्यांनीं तिची नोंद मंडळाकडे पाठवावी.